रात्री २.४० ची नोंद

नाशिकजवळ सातपूरला, धातूच्या भागांवर मुलामा चढवणाऱ्या एका प्लेटिंग युनिटमध्ये मी पर्यावरणाचं काम बघते. लोकांना वाटतं, झाडं लावत असेन. माझा दिवस जातो तो कन्सेंटच्या, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवानगीच्या अटी, ३० सप्टेंबरच्या आत भरायचा फॉर्म पाच, म्हणजे वर्षाचं पर्यावरण विवरण, आणि गाळाच्या ड्रमवरची लेबलं यांत.

यंदा साहेबांनी एका सरकारी गौरव योजनेत अर्ज करायचं ठरवलं. नियमाच्या पुढे जाऊन काम करणाऱ्या उद्योगांसाठीची योजना, सक्ती काही नाही. ट्रॉफीशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये मार्क वाढतात, शिवाय "तपासणीवाले जरा कमी येतील." मी त्यांना अमेरिकेतल्या परफॉर्मन्स ट्रॅकबद्दल सांगितलं. २००० साली सुरू झालेल्या त्या योजनेत सदस्य कारखान्यांची नेहमीची तपासणी खरंच मागे पडायची. २००७ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेच्याच महानिरीक्षकांनी ३० सदस्य नमुन्याला घेतले, तर सगळी वचनं पाळलेले निघाले २. दोन वर्षांनी योजना गुंडाळली. साहेब म्हणाले, "मग आपण त्या दोघांतले."

एका बाबतीत खरंच होतो. आमच्याकडे रिन्सच्या, म्हणजे धुण्याच्या तीन टाक्या ओळीने आहेत. जॉब, म्हणजे मुलामा दिलेला भाग, पहिलीतून तिसरीकडे जातो आणि पाणी तिसरीतून पहिलीकडे उलटं येतं. शेवटच्या धुण्याला स्वच्छ पाणी, पहिल्या धुण्याला वापरलेलं. ही लाईन बसवताना मी आणि फिटर दोघं दोन महिने गुडघाभर चिखलात होतो. उन्हाळ्यात टँकर बंद झाला त्या दिवशी मी कँटीनला पेढे वाटले. अर्जात मात्र याला तीन ओळींची जागा. वृक्षारोपणाला फोटोंसकट अख्खं पान!

कमिटी आली. आधी प्रेझेंटेशन, मग ईटीपीपाशी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करतात तिथे, नव्यानेच ठेवलेली माशांची टाकी. "प्रक्रिया केलेलं पाणी का?" कुणीतरी कौतुकाने विचारलं. साहेब नुसते हसले. पाणी नळाचं होतं. मीही गप्प बसले, ते इथे लिहूनच टाकते.

मग एक निवृत्त प्राध्यापक थेट क्रोमच्या सांडपाण्याच्या टाकीकडे गेले. आमचे ऑपरेटर तात्या म्हणजे अठरा वर्षांचा हात. त्यांनी आम्ल सोडून पीएच तीनच्या खाली आणला आणि मेटाबायसल्फाइट टाकलं. पिवळं-नारिंगी पाणी ढवळता ढवळता हिरवट झालं. त्यानंतर चुना, की गाळ खाली बसतो. हा रंग बदलताना मी शेकडो वेळा पाहिलाय, तरी पाय तिथेच थबकतात. प्राध्यापकही थांबले. मग म्हणाले, "लॉगबुक?"

तात्यांनी ते दोन्ही हातांनी पुढे केलं.

ऑगस्टचं पान निघालं. २.४० ला नमुन्यात रसायनाचे थेंब टाकल्यावर जांभळट गुलाबी रंग आला, म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियम, क्रोमचं विषारी रूप, बाकी आहे. मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. रसायन पुरेसं पडलं का ते दाखवणाऱ्या ओआरपीच्या प्रोबवर थर बसला होता, मीटर चुकीचं दाखवत होता आणि डोसिंग पंप बंद. ३.०५ ला आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद, पाणी होल्डिंग टाकीत. तात्यांच्या तिरक्या अक्षरात शेवटची ओळ: "मधली २५ मिनिटे पाणी बाहेर गेले."

बाहेर म्हणजे नाल्यात. तिथून नासर्डीत, कागदोपत्री नंदिनीत, आणि पुढे गोदावरीत.

हे पान मी ऑगस्टमध्येच पाहिलं होतं. प्रोब बदलला, आठवड्याला साफ करायचं वेळापत्रक लावलं. प्रदूषण मंडळाला कळवायचं साहेबांनी "बघू" म्हणून लांबवलं आणि मी पाठपुरावा केला नाही. अर्जातला प्रश्न होता, "गेल्या तीन वर्षांत नोटीस आली आहे का?" मी "नाही" लिहिलं. खोटं नव्हतं. नोटीस आलीच नव्हती.

प्राध्यापकांनी तात्यांना विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो साहेब. झालं ते लिहिलं."

साहेबांनी चहा आणायला सांगितलं.

आम्हाला काही मिळालं नाही. पत्रात कारण नाही, फक्त शुभेच्छा. आमच्या रांगेतल्याच एका युनिटला मिळालं. त्यांचं लॉगबुक मी एकदा पाहिलंय. वर्षभर पीएच ८.५, एकाच पेनने. राज्यात २०१७ साली कारखान्यांना धुरासाठी तारे द्यायला लागले, ते निदान चिमणीचा नमुना घेऊन. इथे मार्क फायलीला.

निकालाच्या दिवशी साहेब मला म्हणाले, "तुमच्या तात्यांना सांगा, लॉगबुक म्हणजे डायरी नव्हे." मी सांगितलं नाही. कुणीतरी सांगितलं असावं. संध्याकाळी तात्यांनी मला गेटपाशी गाठलं. "मॅडम, लिहायला नको होतं का?"

मी म्हटलं, "तसं नाही, तात्या." पुढचं वाक्य जमलं नाही. तेवढ्यात त्यांची बस आली.

परवा महिन्याचं लॉगबुक सहीला आलं. सगळ्या शिफ्ट. पीएच ८.५. पीएच ८.५. पीएच ८.५. शेरा: निरंक. त्यातल्या सोळा तारखेच्या रात्री सातपूरला तीन तास वीज नव्हती. पान अजून माझ्या टेबलावर आहे, सही केलेली नाही.