व्हरमाँटची फाईल: शेवटची वीस मिनिटं आणि डिसेंबर

तर मंडळी, व्हरमाँटचं काम एकदाचं मार्गी लागलंय. मागे सांगितलं होतं की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधल्या (आपलं पायानं खेळायचं फुटबॉल, तिकडे सॉकर म्हणतात) व्हरमाँटच्या मुलांच्या टीमचा २०२४ चा सीझन परत पहिल्यापासून बघायला घेतलाय, ज्या मॅचेस पूर्ण मिळाल्या त्या एका शीटमध्ये आणि ज्यांचे फक्त हायलाइट्स आहेत त्या वेगळ्या, कारण हायलाइट्समध्ये गोल दिसतो पण गोलच्या आधी दहा मिनिटं कोण धावत होतं आणि कोण कमरेवर हात ठेवून उभं होतं ते दिसत नाही, आणि मला नेमकं तेच बघायचंय.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. युनिव्हर्सिटी ऑफ व्हरमाँट, गाव बर्लिंग्टन, लेक शॅम्प्लेनच्या काठावर, कॅनडाची बॉर्डर जवळच. राज्याची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहराएवढं अख्खं राज्य. अमेरिका ईस्ट नावाच्या छोट्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, खेळतात, त्या कॉन्फरन्समधल्या कुठल्याच टीमने त्याआधी मुलांचं नॅशनल टायटल जिंकलेलं नव्हतं. या युनिव्हर्सिटीचं नाव होतं ते स्कीइंगमध्ये. आणि या लोकांनी १६ डिसेंबर २०२४ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात मार्शलला एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ हरवून कप नेला, तोसुद्धा सीड, म्हणजे वरचं मानांकन, नसताना. ४८ टीमची नॉकआउट असते, त्यातल्या १६ जणांना सीड मिळतं आणि त्यांना पहिल्या फेरीत सुट्टी, व्हरमाँटला ती सुट्टीपण नव्हती. सीझनचा हिशोब १६ विजय, २ पराभव, ६ ड्रॉ.

आता मुद्दा. बरेच जण म्हणतात नशीब, शेवटी शेवटी गोल झाले, असं रोज होत नसतं. माझं मत आता पक्कं झालंय की तो नशिबाचा भाग फार थोडा होता, ती त्यांची खेळायची पद्धतच होती, आणि कॉलेज फुटबॉलमध्ये मॅचची शेवटची वीस मिनिटं ज्याला जमतात त्यालाच सीझनचा शेवटचा महिना जमतो. दोन्हीचं मूळ एकच आहे, बेंच.

हे समजायला तिकडचे नियम डोक्यात ठेवावे लागतात, नाहीतर आपण प्रीमियर लीगच्या चष्म्यातून बघतो आणि फसतो. तिकडे सब, म्हणजे बदली खेळाडू, किती करायचे याला आकडाच नाही. पहिल्या हाफमध्ये बाहेर गेलेला प्लेअर त्या हाफमध्ये परत येऊ शकत नाही, पण दुसऱ्या हाफमध्ये येतो, आणि दुसऱ्या हाफमध्ये बाहेर गेला तर एकदा परत येता येतं. म्हणजे कोच स्ट्रायकरला तिसाव्या मिनिटाला काढून बसवू शकतो, पाणी पाजू शकतो, ब्रेकनंतर परत सोडू शकतो, साठाव्याला परत काढू शकतो आणि पंच्याहत्तराव्याला परत घालू शकतो. हा नियम बऱ्याच जणांना आवडत नाही, म्हणतात यानं खेळाची लय जाते, नुसती धावपळ होते, आणि ते खोटं नाहीये. पण नियम आहे म्हटल्यावर त्याचा वापर कोण कसा करतो हे बघण्यात मजा आहे राव.

रॉब डाओ २०१७ पासून तिथं हेड कोच होते. त्यांच्या टीमचा खेळ बघायला सुंदर वगैरे अजिबात नाही, हे आधीच सांगतो. तीस पास करून गोलपर्यंत जाणं हा त्यांचा पिंड नाही. बॉल मिळाला की पुढे, बॉल गेला की लगेच मागे लागायचं, समोरच्या डिफेंडरला मान वर करून बघू द्यायचं नाही. पहिला हाफ बघताना कधीकधी वाटतं हे उगाच पळतायत, यातून काही निघत नाहीये. पण कुस्तीत कसं असतं, सुरुवातीची खडाखडी, मानेवर हात, वजन टाकणं, बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही आणि समोरच्याचा दम तिथंच निघालेला असतो, तसं आहे हे. पहिल्या तासाचं प्रेसिंग गोल मिळाला तर बोनस, खरं काम समोरच्या बॅकलाइनचे पाय जड करणं. आणि ज्यांनी प्रेस केला त्यातले निम्मे तोवर बेंचवर जाऊन ताजेतवाने होऊन परत आलेले असतात. डिफेंडरला ही चैन नाही. सब कितीही करता येत असले तरी बॅकफोर, म्हणजे मागचे चार डिफेंडर, सतत फिरवत बसायचं धाडस कमी कोच करतात, समज तुटते, ऑफसाइडची लाइन तुटते. म्हणजे पुढचे ताजे आणि मागचे दमलेले असा जो फरक पडतो तो ऐंशीव्या मिनिटाला सगळ्यात जास्त असतो. सत्तरीपुढे बघताना मी प्रत्येक वेळी लिहून ठेवलं की मैदानात कोण नुकता आलाय, आणि व्हरमाँटचं पुढचं पळणं जिथं वाढलं तिथं बहुतेक वेळा एकदोन पाय ताजे होतेच.

फायनलच घ्या. ६७ व्या मिनिटाला मार्शलच्या तारिक पानहोल्झरने गोल केला. मार्शल म्हणजे काही लेचीपेची टीम नाही, क्रिस ग्रासी यांच्या हाताखाली तयार झालेली, आधी एक टायटल जिंकलेली. १-० वर तेवीस मिनिटं काढायची होती फक्त. ८१ व्या मिनिटाला मार्सेल पॅपने बरोबरी केली आणि तिथून पुढे मॅचचा रंगच बदलला. ९५ व्या मिनिटाला लांब बॉल आला, मॅक्सिमिलियन किसल डिफेंडरशी भिडला, त्याला मागे टाकलं, बाहेर आलेल्या गोलकीपरलापण वळसा घातला आणि रिकाम्या गोलमध्ये बॉल ढकलला. गोल्डन गोल, मॅच तिथंच खलास. आपल्याकडे मंगळवारची सकाळ, लोक डबे भरत होते आणि मी एकटाच घरात नाचत होतो.

तो गोल मी आता इतक्यांदा बघितलाय की सांगायची सोय नाही, आणि दरवेळी माझं लक्ष बॉलवर कमी आणि त्या डिफेंडरच्या पळण्यावर जास्त जातं. किसलला काही जगावेगळा पास मिळाला नव्हता. तसला लांब बॉल दहाव्या मिनिटाला आला असता तर कुठल्याही बऱ्या डिफेंडरने तो आरामात बाहेर घातला असता.

आणि यातली खरी गंमत ही की कागदावर व्हरमाँट जास्त दमलेलं असायला हवं होतं. सेमीफायनल शुक्रवारी १३ तारखेला झाली, डेनव्हरविरुद्ध १-१, पूर्ण एक्स्ट्रा टाइम आणि मग पेनल्टी शूटआउट. सोमवारी लगेच फायनल. मार्शलने ओहायो स्टेटला, म्हणजे पहिल्या सीडला, १-० हरवलं होतं, त्यांची मॅच पेनल्टीपर्यंत गेली नव्हती. तरी सोमवारी रात्री नव्वदीनंतर जास्त पळत होते ते हिरव्या जर्सीवाले. त्याच्या आधी क्वार्टरफायनलला दुसऱ्या सीडच्या पिट्सबर्गला त्यांच्याच घरी २-० मारून आले होते. घरापासून लांब, एकामागून एक, आणि पाय थकत नाहीत. एकट्या यानिव बाझिनीवर टीम चालते असं सीझनभर बोललं जायचं, तो टॉप स्कोअरर होताच, पण फायनलचे दोन्ही गोल दुसऱ्यांचेच आहेत बघा.

आता सीझनच्या शेवटाकडे येतो, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय की या पद्धतीने नोव्हेंबरमध्ये अंदाज बांधता येतो का. तिकडचा सीझन ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि कप डिसेंबरच्या मध्यात, मधल्या काळात आठवड्याला दोन मॅच, बसचा आणि विमानाचा प्रवास, वर मिडटर्म परीक्षा. पोरं विद्यार्थी आहेत हे आपण विसरतो. म्हणून सीझन दोन सेमिस्टरमध्ये पसरवा अशी मागणी किती वर्षं चाललीये. सप्टेंबरमध्ये जी टीम अकरा चांगल्या पोरांच्या जोरावर सगळ्यांना हरवते ती ऑक्टोबरच्या शेवटी लंगडायला लागते, आणि रँकिंगमध्ये मात्र सप्टेंबरचे विजय तसेच उभे असतात. शिवाय २०२२ पासून रेग्युलर सीझनमधला एक्स्ट्रा टाइम बंद झालाय, ९० मिनिटांत बरोबरी तर ड्रॉ. त्यामुळे शेवटच्या दहा मिनिटांत रेकॉर्ड बनतो किंवा बिघडतो, आणि ड्रॉ जास्त झाले की सीड हातचं जातं, सीड गेलं की सुट्टी जाते आणि पुढे घरच्या मैदानावर खेळायची संधीपण जाते. छोट्या कॉन्फरन्सवाल्यांना हे जास्त लागतं कारण त्यांच्याकडे मोठ्या नावांना हरवून पॉइंट सुधारायला मॅचेसच कमी.

म्हणून माझ्या शीटमध्ये आता रँकिंगचा रकानाच काढून टाकलाय. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एवढंच बघतो की ऑक्टोबरमध्ये पिछाडीवर असताना ही टीम काय करते, सत्तरीनंतर बॉल कुठं जिंकते, आणि बेंचवरून आलेला पोरगा नुसता जागा भरतो का खेळ बदलतो. गोलकीपरचं वेगळं लिहितो, कारण नॉकआउटमध्ये पेनल्टी येणारच.

ही कसोटी जुन्या सीझनना लावून बघतोय. २०२० चा मार्शल, जो कोविडमुळे २०२१ च्या वसंतात खेळला गेला, तो बसतो. पहिल्या सीडच्या क्लेमसनला पेनल्टीवर काढलं, मग जॉर्जटाउन १-०, नॉर्थ कॅरोलायना १-०, आणि फायनलला इंडियाना १-०, जमिल रॉबर्ट्सचा एक्स्ट्रा टाइममधला गोल. खेळ व्हरमाँटसारखा नाही, बॉल पायात ठेवणारी टीम, पण शेवटी कोण उभं राहतं या प्रश्नाचं उत्तर तेच. २०२२ चं सिरॅक्यूजपण बसतं, क्वार्टरफायनलला याच व्हरमाँटला २-१ हरवून गेले आणि फायनलला इंडियानाशी २-२ होऊन पेनल्टीवर ७-६ जिंकले. माझ्या मते डाओंच्या टीमला आपण मोठ्यांच्या बरोबरीचे आहोत हे त्या मॅचमध्ये कळलं, पण हे माझं मत, पुरावा काही नाही.

इंडियाना मात्र डोकं खातं. आठ टायटलवाली टीम, यीगली या कोच बापलेकाची परंपरा, २०१७ ला फायनलपर्यंत एकही मॅच हरले नव्हते आणि फायनलला स्टॅनफर्डकडून दुसऱ्या एक्स्ट्रा टाइममध्ये ०-१. २०२० ला एक्स्ट्रा टाइम, २०२२ ला पेनल्टी. तीन फायनल आणि तिन्ही नव्वद मिनिटांच्या पलीकडे गेल्या. म्हणजे यांना शेवट जमत नाही म्हणायचं का? मला नाही पटत, ज्याला शेवट जमत नाही तो तीनदा तिथं पोचतच नाही. इथं माझा रकाना तोकडा पडतोय एवढं दिसतंय.

बरं, व्हरमाँटचं पुढं काय. २०२५ च्या सुरुवातीला डाओ पेन स्टेटला गेले आणि त्यांचे असिस्टंट एड्रियन डुबोआ हेड कोच झाले. बाहेरून मोठ्या नावाचा कोच न आणता घरातला माणूस पुढे केला हे मला आवडलं, कारण ही सगळी पद्धत सवयीवर चालते, कुणाला कधी काढायचं आणि कधी परत सोडायचं हे कागदावर लिहून दुसऱ्याला देता येत नाही. पण कॉलेजमध्ये दरवर्षी सिनियर पोरं जातात, आता ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलायच्या सोयीमुळे, ज्युनियरपण जातात, आणि चांगला सीझन झाला की मोठी कॉलेजं पहिलं लक्ष बेंचवरच्या पोरांवर ठेवतात ज्यांना तिकडे स्टार्ट मिळेल. या स्टाइलचा कच्चा दुवा तिथंच आहे. स्ट्रायकर गेला तर दुसरा मिळतो, पंधरावा-सोळावा चांगला प्लेअर टिकवणं अवघड. म्हणून पुढच्या सीझनच्या मॅचेस बघताना मी पहिली नोंद स्टार्टिंग इलेव्हनची करत नाही, पहिले तीन सब कोण आणि कितव्या मिनिटाला, ही करतो.

आणखी एक, बर्लिंग्टनचं व्हर्च्यू फील्ड, म्हणजे व्हरमाँटचं घरचं मैदान, छोटं आहे पण गर्दी अंगावर येते अगदी. नोव्हेंबरात तिथं हाडं गोठवणारी थंडी आणि लोक तरी हलत नाहीत. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर भर उन्हात बसून पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच बघितलेल्या माणसाला ते बघून लै बरं वाटतं.

आता हातात स्टॅनफर्ड २०१६ घेतलंय आणि हे माझ्या सगळ्या म्हणण्याच्या उलट आहे. जेरेमी गन यांची टीम, सेमी नॉर्थ कॅरोलायनाशी ०-०, पेनल्टीवर १०-९, फायनल वेक फॉरेस्टशी ०-०, पेनल्टीवर ५-४. शेवटच्या वीकेंडला एकही गोल न करता कप नेला. तिथं शेवटची वीस मिनिटं गोल करायला नव्हती, गोल न खायला होती, मग माझ्या शीटमध्ये हे कुठल्या रकान्यात टाकायचं? डिफेन्स दमतो म्हणणाऱ्या मला इथं न दमणारा डिफेन्स दिसतोय आणि तोसुद्धा लागोपाठ तीन वर्षं, २०१५ ते २०१७. त्या सेमीचं पूर्ण रेकॉर्डिंग कुणाकडे असेल, हायलाइट्स नको, तर कळवा भावांनो. सत्तरीनंतर गन यांनी बॅकफोर फिरवला का नाही एवढंच आधी बघायचंय.