लिफाफा फेकू नका

त्या दिवशी पोस्टमन चपला हातात घेऊन शाळेत आला. आमचं गाव दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यातलं. पाऊस झाला की काळी माती पाय सोडत नाही. रजिस्टरी माझ्या नावाची होती. पोचपावतीवर मी सही केली आणि खाली तारीख घातली, 11 जुलै 2022. आत आमच्याच संस्थेचा आदेश होता. मला वरिष्ठ लिपिक पदावरून कनिष्ठ लिपिक केलं होतं. आदेशावर तारीख होती 9 जून.

माझे यजमान याच शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर 2008 मध्ये मी अनुकंपेवर कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. 2017 मध्ये सेवाज्येष्ठतेनं वरिष्ठ लिपिक झाले, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेनं. ती बढती कोणाची मेहरबानी नव्हती. तरी संस्थेच्या सचिवांचं एकच पालुपद असे, "वहिनी, तुम्हाले आम्ही दयेवर घेतलं."

बिनसलं ते जावक रजिस्टरवरून, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांना ओळीनं नंबर देतात त्या वहीवरून. "मधात एखादा नंबर कोरा सोडत जा," असं मला सांगितलं गेलं. कोरा नंबर म्हणजे मागच्या तारखेनं पत्र घुसवायची जागा. मी नाही म्हटलं. जूनमध्ये सचिवांनी मला बोलावून टाइप केलेला कागद पुढे सरकवला: "प्रकृती अस्वास्थ्यामुळे वरिष्ठ लिपिक पदाची जबाबदारी झेपत नसल्याने मी स्वेच्छेने…" पेनही काढून ठेवला होता. खरं सांगते, माझा हात पेनापर्यंत गेला होता. घरी मुलीचं शिक्षण चालू, सासू अंथरुणावर. उद्या सांगते म्हणून उठले.

संध्याकाळी आमच्या शाळेतून रिटायर झालेल्या हेडक्लार्क काकाजींकडे गेले. त्यांनी चष्मा न लावताच सांगितलं, "पोरी, सही नोको करू. सही केली का ते शिक्षा रायत नाही, तुयी मर्जी होते."

मी सही केली नाही, म्हणून रजिस्टरी आली. सेवापुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडून घेतली. मस्टरवर माझं नाव खाली गेलं. चौदा वर्षं ज्या मस्टरवर मीच नावं लिहीत होते, त्यावर त्या दिवशी सही करताना अक्षरं दिसेनात.

मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. ती म्हणाली, "आई, कलम 311 आहे ना!" पण राज्यघटनेतलं ते कलम सरकारी नोकरांसाठी. आपल्यासारख्या खाजगी शाळेतल्यांसाठी महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 आहे. तो फक्त मास्तरांचा आहे, असं माझे कितीतरी सहकारी आजही समजतात. लिपिक, प्रयोगशाळा परिचर, शिपाई सगळे त्यात येतात. त्याखालच्या 1981 च्या नियमावलीत पदावनती, म्हणजे खालच्या पदावर उतरवणं, ही मोठी शिक्षा आहे. त्याआधी आरोप लेखी द्यावे लागतात, खुलासा घ्यावा लागतो, तीन जणांची चौकशी समिती बसवावी लागते. त्यातला एक सदस्य आपण निवडायचा, कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी चालतो. एक संस्थेचा, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला शिक्षक. माझ्या बाबतीत यातलं काहीच झालं नव्हतं, साधी नोटीससुद्धा नाही.

या अधिनियमाच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, पण आदेश हाती पडल्यापासून 30 दिवसांच्या आत. आणि इथंच त्या 9 जूनचा डाव होता. त्या तारखेपासून मोजलं तर माझी मुदत रजिस्टरी येण्याच्या दोन दिवस आधीच संपली होती! अमरावतीला वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "लिफाफा कुठे आहे?" मी तो प्लास्टिकच्या पिशवीत जपून नेला होता. दर्यापूर पोस्टाचा शिक्का, 8 जुलै. शिवाय आदेशाचा जावक क्रमांक 47/अ. कोरा नंबर मी सोडलाच नव्हता, मग त्यांना 'अ' जोडावा लागला. त्या 'अ'कडे मी बराच वेळ बघत बसले होते.

चोविसाव्या दिवशी अपील दाखल झालं. पुढची पावणेदोन वर्षं तारखा, एसटीचे धक्के, आणि शाळेत कुणी चहाला न बोलावणं. ते सगळं लिहीत बसत नाही. चौकशीशिवाय केलेली पदावनती रद्द झाली, मूळ पद आणि पगारातला फरक देण्याचा आदेश झाला. किल्ली परत आली.

हे आज लिहितेय कारण परवा शेजारच्या गावच्या शाळेतला परिचर घरी आला. त्याला पदावरून उतरवलंय आणि शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज देऊन तो उत्तराची वाट बघत बसला होता. अर्ज जरूर द्यावा, पण त्यानं 30 दिवस थांबत नाहीत. त्याला मी लिफाफा मागितला. तो म्हणाला, "बाई, तो तं पोरानं चुलीत घातला." आम्ही पोस्टात जाऊन रजिस्टरी पोचल्याच्या तारखेचा दाखला मागितला आहे. आज त्याचा 19 वा दिवस. सोमवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघं अमरावतीला निघतोय.