आधी बोर्डिंग, मग हायस्कूल

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कूलची माहिती कुणी विचारली की मी बोर्डिंगपासून सुरुवात करतो, आणि समोरचा हमखास अडवतो : अहो, शाळेचं विचारलं, बोर्डिंगचं काय सांगताय?

घडलंच त्या क्रमानं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली १९१९ साली, कराडजवळच्या काले गावात. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली आणि तिथं बोर्डिंग सुरू झालं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. हायस्कूल निघायला मात्र १९४० उजाडलं.

तोवर साताऱ्यात हायस्कूल नव्हतं असं नाही. होतं की. पण खेड्यातल्या पोराचं घोडं अडायचं ते भाकरीपाशी. गावातली शाळा संपली की पुढं शिकायला शहरात राहायचं कुठं, खायचं काय? त्यात अस्पृश्य मानलेल्या घरातला असेल, तर खिशात भाडं असूनही खोली मिळायची नाही. भाऊराव किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेले. ही घरं त्यांनी आतून पाहिली होती.

आता त्या बोर्डिंगातल्या सोयी. आजच्या शाळांच्या माहितीपत्रकात छापावं असं तिथं फारसं काही नव्हतं. सगळ्या जातीधर्मांच्या मुलांची एक चूल आणि एक पंगत, ही खरी सोय. धान्य लोकांकडून मागून आणायचं. कमी पडलं की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचे दागिने मोडायच्या. शेवटी मंगळसूत्रही गेलं. ते मंगळसूत्र जयंतीच्या भाषणांत इतक्यांदा येतं, की ऐकणाऱ्याला आता काही वाटत नाही. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की सोवळं पाळणाऱ्या जैन घरातल्या या बाईंनी त्या सगळ्या पोरांना आपल्या हातानं रांधून वाढलं.

मुलंही राबायची, शेतात आणि बांधकामावर. 'कमवा आणि शिका' म्हणतात ते हेच. शिकणाऱ्या मुलांकडून काम कशाला, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. धर्माचं खातोय असं वाटून ताटावर मान खाली घालणाऱ्या मुलाला या कामानं मान वर करता आली.

म्हणून १९४० साली बडोद्याच्या सयाजीरावांच्या नावानं हायस्कूल निघालं, तेही मोफत आणि निवासी. राहण्याजेवणाची सोय तिथं शाळेला मागून जोडलेली नाही. शाळाच तिच्या मागून आली.