पंधराशे रुपये आणि ३८० फोटो

गेल्या वर्षी एका बाळाच्या फोटोंसाठी पहिली पैशांची ऑर्डर मिळाली. "रेट काय?" विचारल्यावर तोंडातून पंधराशे निघून गेले. का, ते मलाही माहीत नाही. पाचशे हातात मिळाले, हजार नंतर.

रंकाळ्यावर सकाळचं ऊन छान मिळालं, बाळही रडलं नाही. ४२० फोटोंतून ४० निवडले, एडिट केले, लिंक पाठवली. पैसे यायच्या आधी. (हे कधीच करू नका.)

मग मेसेज आला, "बाकीचे?" ते निवडलेले नाहीत, म्हटलं. "असू देत की, तुमच्याकडं ठेवून लोणचं घालणार का?" घरातलं प्रत्येक माणूस आळीपाळीनं फोन करायला लागलं. आजोबा म्हणाले, "बटण तर दाबलंयस, पोरी, त्याला काय रोल लागतोय?" किती फोटो देणार हे मी आधी बोललेच नव्हते, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. हजार रुपये १९ दिवस अडकले. शेवटी वैतागून ३८० च्या ३८० दिले. दुसऱ्या दिवशी त्यातलाच डोळे अर्धे मिटलेला, पिवळट फोटो स्टेटसला. खाली माझं नाव!

त्या रात्री लाइटबिलाच्या पाठीवर हिशोब मांडला. शूट दोन तास, निवड तीन, एडिटिंग सात, फोनाफोनी एक. लेन्सचं भाडं ६०० आणि पेट्रोल १०० वजा जाता उरले ८००. तासाला ६१ रुपये. फोनाफोनीचा एकच तास धरलाय, हेही खोटंच.

आता ४५०० घेते. २५ फोटो, वरच्या प्रत्येकाला १५०, न निवडलेले मिळणार नाहीत. निम्मे पैसे आल्याशिवाय तारीख धरत नाही, उरलेले आल्याशिवाय लिंक नाही. सगळं आधीच व्हॉट्सॲपवर लिहून "ओके" घेते. आणखी एक, आपल्या पेजवर फोटो टाकायचे असतील तर तेही त्याच मेसेजमध्ये विचारून ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याचाच. मला वाटायचं, कॅमेरा माझा म्हणजे फोटो माझा.

आकडा सांगून गप्प बसणं मात्र अजून जमत नाही. परवा एक ताई म्हणाल्या, "जरा जास्त होतंय." जीभ "चालेल, कमी करते" म्हणायला निघालीच होती. आवरली. म्हटलं, तीन हजारात १५ फोटो होतील. "बघते" म्हणून त्यांनी फोन ठेवला. रात्री साडेदहाला २२५० जमा झाले, म्हणजे २५ फोटोंचेच.