माउंट व्हिटनीची वाट निवडताना: माझा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीचा माथा 14,505 फुटांवर (4,421 मीटर) आहे. अलास्का वगळली तर अमेरिकेत याहून उंच शिखर नाही. तरी वर जायला दोर लागत नाही, उन्हाळ्यात थेट माथ्यापर्यंत पायवाट आहे. त्या पायवाटेला मिळायच्या वाटा मात्र वेगवेगळ्या दिशांनी येतात. मी नकाशावर चार वाटा काढल्या आणि प्रत्येकीला तेच तीन प्रश्न लावले: परमिट कसं मिळतं, रात्रीचे मुक्काम किती उंचीवर पडतात आणि शिखराच्या दिवशी पाठीवर किती ओझं असतं. कुठली वाट जास्त देखणी हा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला. तो आधी घेतला की बाकीच्या गैरसोयी डोळ्यांआड होतात.

सगळ्यात जवळची वाट पूर्वेकडून, व्हिटनी पोर्टलवरून. जाऊन-येऊन साधारण 22 मैल (35 किमी) आणि चढ 6,100 फुटांचा. परमिट लॉटरीने मिळतं. 1 मे ते 1 नोव्हेंबर या काळात रोज 100 जण एका दिवसात जाऊन येणारे आणि 60 जण मुक्कामी, एवढेच सोडतात. पण मी ही वाट बाजूला ठेवली ती लॉटरीमुळे नाही, उंचीमुळे. पोर्टल 8,374 फुटांवर आणि नेहमीचा मुक्काम, ट्रेल कँप, 12,035 फुटांवर. पहिल्याच रात्री एवढं वर झोपलं की डोकं ठणकतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही, आणि पहाटे त्याच अवस्थेत शिखराकडे निघावं लागतं. या वाटेवरून अर्ध्यातून परतणाऱ्यांत पाय थकलेल्यांपेक्षा उंची बाधलेले बरेच असतात.

जॉन म्यूर ट्रेल योसेमिटीहून निघून 211 मैलांनी व्हिटनीवर संपते. तीन आठवडे हाताशी असतील तर तिला तोड नाही, माझ्याकडे दहा दिवस होते. तिसरी वाट दक्षिणेकडून, हॉर्सशू मेडोवरून कॉटनवुड खिंड ओलांडून रॉक क्रीकमार्गे. ती चार-पाच दिवसांत होते आणि सुरुवातच 10,000 फुटांच्या आसपास असल्याने पहिली रात्र तिथल्याच कँपग्राउंडवर काढली तर शरीर चांगलं सरावतं. अडचण एकच. इनयो नॅशनल फॉरेस्टच्या हद्दीतून निघून व्हिटनीवरून पोर्टलला उतरायचं तर ट्रेल क्रेस्ट या माथ्याजवळच्या खिंडीवरून बाहेर पडण्याचा वेगळा कोटा लागतो, आणि तो लवकर भरतो.

राहिली हाय सिएरा ट्रेल. सेक्वोया नॅशनल पार्कातल्या क्रेसेंट मेडोहून, म्हणजे पश्चिमेकडून निघायचं, अख्खी पर्वतरांग आडवी ओलांडायची आणि व्हिटनीवरून पूर्वेला पोर्टलला उतरायचं. शिखर धरून 72 मैल (116 किमी). परमिट सेक्वोया पार्क देतं, ऑनलाइन बुकिंग सहा महिने आधी उघडतं, आणि त्याच परमिटवर पोर्टलला उतरता येतं. व्हिटनीची लॉटरी लागत नाही. अर्जात बाहेर पडण्याचं ठिकाण ‘व्हिटनी पोर्टल’ लिहिलंय ना, हे दोनदा तपासा.

देखाव्याचा प्रश्न इथेच सुटला. सुरुवात महाकाय सेक्वोया वृक्षांच्या राईत. मग काविया नदीच्या मधल्या फाट्यावर, दरीच्या कडेकडेने फारसा चढउतार नसलेली 11 मैलांची वाट, बेअरपॉच्या मुक्कामापर्यंत. हॅमिल्टन तळ्यांपाशी तिन्ही बाजूंनी उघडे कातळकडे उठतात. तिथून पुढे वाट कड्याच्या अंगातच कोरलेली आहे. एका घळीपाशी पूर्वी लोखंडी झुलता पूल होता, तो 1937 मध्ये हिमलोटात गेला, म्हणून खडक फोडून बोगदा पाडला. बोगद्याच्या तोंडाशी जुलैतही कडक बर्फ साचलेला असू शकतो आणि त्याखाली घळ सरळ खाली जाते. जास्त बर्फाच्या वर्षी ही जागा आधी वनरक्षकांना विचारावी, पुढच्या काविया खिंडीचं (10,700 फूट) नंतर.

मुक्काम कागदावर मांडले तेव्हा या वाटेतला दोषही दिसला. बेअरपॉ 7,800 फूट, हॅमिल्टन 8,235, खिंडीपलीकडे बिग अरोयो 9,600 च्या आसपास, मोरेन तळं 9,300. इथवर चढण छान टप्प्याटप्प्याने होते. मग चागूपा पठारावरून वाट थेट कर्न नदीच्या दरीत कोसळते आणि पाचवी रात्र कर्न हॉट स्प्रिंगला, जेमतेम 6,900 फुटांवर. कमावलेला सराव थोडा तिथेच सांडतो. सहावा मुक्काम जंक्शन मेडोला 8,000 च्या आसपास, आणि तिथून बरेच जण एका दिवसात थेट क्रॅबट्री किंवा गिटार तळ्यापर्यंत (11,500 फूट) मजल मारतात. दहा हजार फुटांवर गेलं की रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा साधारण दीड हजार फुटांहून जास्त वर नसावा असा दंडक आहे. ही उडी त्याच्या दुपटीहून मोठी. म्हणून मी मध्ये वॉलेस क्रीकला (10,400 फूट) एक रात्र वाढवली. चाल चार-पाच मैलांचीच, दुपारपर्यंत तंबू लागतो, उरलेला दिवस पाणी पीत पडून राहायचं. ही रात्र वाचवू नका. सुट्टी कमी असेल तर बेअरपॉ आणि हॅमिल्टनचे दोन दिवस एक करा.

रात्र वाढली की अन्न वाढतं, आणि इथे कचाट्यात पकडतं ते अस्वलांना उघडता न येणारं अन्नाचं डबडं. व्हिटनीच्या परिसरात बेअर कॅनिस्टर सक्तीचा आहे. साडेअकरा लिटरच्या डब्यात एका माणसाचं सात दिवसांचं अन्न कसंबसं बसतं, आणि टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीनसुद्धा आतच लागतं. माझा हिशेब नऊ दिवसांचा होता. तोड अशी निघाली की बेअरपॉ आणि हॅमिल्टन दोन्हीकडे अन्न ठेवायला लोखंडी पेट्या आहेत, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांचं अन्न डब्याबाहेरच्या पिशवीत चालतं. उरलेलं सगळं मूळ वेष्टनातून काढून पातळ पिशव्यांत भरलं. हवाबंद पाकिटं उघडायची नसतील तर टाचणीने भोक पाडून, हवा दाबून काढून वर चिकटपट्टी लावली. पूड आणि दाणेदार जिन्नस शेवटी ओतले की फटी भरतात. माणशी दिवसाला 650 ते 700 ग्रॅम कोरडं अन्न पुरलं, पण चौथ्या दिवसापासून भूक वाढते, म्हणून पहिल्या दोन दिवसांच्या पुड्या हलक्या आणि शेवटच्या तीन जड ठेवल्या.

महिना निवडताना मी ऑगस्टचा शेवट धरला. जुलैत फुलं असतात, पाणी भरपूर असतं, पण डासही तितकेच आणि ओढे ओलांडताना मांडीपर्यंत पाणी. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा पडतात, सप्टेंबरकडे त्या कमी होतात. मात्र उन्हाळा सरताना वणव्यांचा धूर येतो आणि काही वर्षी वाटाच बंद होतात. त्याला इलाज नाही, तारखा मागेपुढे करता येतील एवढी रजा ठेवावी.

शिखराचा दिवस गिटार तळ्यावरून. पाणी इथेच भरायचं, तीन लिटर. पुढचा भरवशाचा पाणवठा पलीकडे ट्रेल कँपला, शिखर धरून सुमारे नऊ मैलांवर. तळ्यावरून तीन मैल आणि दोन हजार फूट वळणावळणाने चढलं की 13,480 फुटांवर पोर्टलची वाट येऊन मिळते. मोठी सॅक तिथेच ठेवून शिखराला जातात, इथून 1.9 मैल. सॅक ठेवताना सगळे कप्पे आणि चेन उघड्या ठेवा, अन्नाचा डबा बाहेर काढून वेगळा ठेवा. मार्मोट (खारीच्या कुळातले जाडजूड प्राणी) वासाने येतात, चेन बंद असली तर कापड कुरतडून आत शिरतात, उघडी असली तर हुंगून निघून जातात. ट्रेकिंगच्या काठ्यांच्या घाम लागलेल्या मुठीही ते चघळतात. सोबत पाणी, खाऊ, जाड जाकीट, पावसाळी जाकीट आणि हेडलँप एवढंच घ्या.

मी पहाटे साडेचारची वेळ धरली, म्हणजे माथ्यावरून दहाच्या आत पाय निघतो. माथ्यावर 1909 सालची, स्मिथसोनियन या संशोधन संस्थेची दगडी खोली आहे. ढग गडगडायला लागले की लोक तिच्यात शिरतात, आणि तेच करू नये. तिथे वीज पडून माणूस दगावलेला आहे. ढग उंच चढताना दिसले की खाली वळायचं, शिखर शंभर पावलांवर असलं तरी.

परतताना सॅक उचलून ट्रेल क्रेस्टपर्यंत पुन्हा थोडं चढावं लागतं. दमलेल्या पायांना तो शे-दीडशे फुटांचा चढ फार लागतो, मनाची तयारी ठेवा. मग जवळजवळ शंभर वळणं उतरून ट्रेल कँप. त्याच दिवशी पोर्टल गाठायचं तर एकूण 15 मैल होतात आणि गुडघ्यांवर 6,100 फुटांचा उतार. मी एक जेवण जास्तीचं ठेवलं होतं, 10,365 फुटांवरच्या आउटपोस्ट कँपला थांबता यावं म्हणून. व्हिटनीच्या परिसरात विष्ठाही पिशवीत भरून खाली आणायची असते. ती पिशवी परमिटबरोबर घ्या, पोर्टलला टाकायची सोय आहे.

गाडीचं गणित मात्र सगळ्यात आधी सोडवा. सिएराच्या या भागात रांग ओलांडणारा रस्ता नाही, त्यामुळे पोर्टलहून क्रेसेंट मेडोला परतायला दक्षिणेकडून वळसा घालून पाच-सहा तास लागतात. दोन गाड्या असतील तर एक आधी पोर्टलला लावून यावं. एकच असेल तर ती पूर्वेला ठेवून पश्चिमेला सोडणारं कुणीतरी शोधावं, कारण नवव्या दिवशी पोर्टलखालच्या लोन पाइन गावाहून पुढची सोय शोधत बसायची ताकद उरत नाही. पश्चिमेला गाडी लावलीत तर आत खाण्याचा कणही ठेवू नका, रिकामा खोकासुद्धा. अस्वलं काच फोडतात.