सोमाली शेजारी, कोविड आणि आमचे सर्व्हे

अमेरिकेत सगळ्यात जास्त सोमाली लोक आमच्या मिनेसोटात राहतात. १९९१ ला सोमालियातलं सरकार कोसळलं, यादवी पेटली, आणि मग केनियातल्या कॅम्पमध्ये कित्येक वर्षं काढून वगैरे हे लोक इथल्या थंडीत येऊन पोचले. मिनियापोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड भागात ते रंगीत चौकोनांचे उंच टॉवर आहेत ना, तिथे तर बरीचशी वस्ती त्यांचीच. मी हेल्थ रिसर्चमध्ये डेटाचं काम करते, त्यामुळे कोविडच्या काळात "सोमाली लोक सर्व्हेला रिस्पॉन्सच देत नाहीत" हे मीटिंगमध्ये इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी डोकं फिरायला लागलं.

का देतील? आधीचा हिशोब बघा ना. २००८ च्या सुमाराला इथल्या सोमाली आया विचारायला लागल्या की आमच्याच मुलांमध्ये ऑटिझम इतका का दिसतोय, शाळेच्या स्पेशल वर्गांत आमचीच पोरं जास्त का. साधा, सरळ प्रश्न होता, आणि रिसर्चला अगदी योग्य. त्याचं नीट उत्तर युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाच्या अभ्यासातून आलं २०१३ मध्ये: सोमाली मुलांत ३२ पैकी एक, गोऱ्या मुलांत ३६ पैकी एक, म्हणजे फार फरक नाही, पण ऑटिझम असलेल्या सोमाली मुलांत बौद्धिक अडचणी जास्त होत्या. पाच वर्षं गेली हो मधे! आणि तेवढ्या वेळात कोण येऊन भेटून गेलं तर अँड्र्यू वेकफील्ड, ज्याचा एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा पेपर लॅन्सेट या मेडिकल जर्नलने २०१० मध्ये मागे घेतला तोच. तो आयांसमोर बसला आणि त्यांचं ऐकून घेतलं, आपले रिसर्चवाले तेव्हा ग्रँटच्या मंजुरीची वाट बघत असणार. २००४ ला सोमाली मुलांत एमएमआरचं लसीकरण ९२ टक्के होतं ते २०१४ पर्यंत ४२ वर आलं, आणि २०१७ मध्ये गोवर पसरला, ७५ केसेस, बहुतेक सोमाली मुलं. त्याच वर्षी ट्रम्पच्या ट्रॅव्हल बॅनच्या, म्हणजे ज्या देशांच्या लोकांना अमेरिकेत यायला बंदी त्या यादीत सोमालिया.

तर अशा सगळ्यानंतर २०२० च्या मार्चमध्ये अचानक सगळ्यांना त्यांचा डेटा हवा झाला. घरात किती माणसं राहतात, कुठे काम करता, कोणाकोणाला भेटलात. ज्याची आई अजून व्हिसाच्या रांगेत आहे त्याला हे प्रश्न आजाराचे वाटतील का इमिग्रेशनचे, तुम्हीच सांगा. वर सात पानी संमतीपत्र, खाली सही करा. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली १९७२ ला, आणि युद्धात वाढलेल्या कित्येक बायकांना शाळाच मिळाली नाही, म्हणजे ट्रान्सलेट केलेली पीडीएफ पाठवून आपण फक्त आपली फाइल पूर्ण करतो. व्हॉइस मेसेज मात्र एका तासात अख्ख्या बिल्डिंगमध्ये फिरतो.

डेटाची गंमत तर वेगळीच. रेसच्या, म्हणजे वंशाच्या रकान्यात सोमाली माणूस "ब्लॅक" मध्ये जातो, तो तिथे शोधायचा कसा? आणि जन्मतारखा! निर्वासितांच्या कागदावर खरी तारीख माहीत नसली की १ जानेवारी टाकलेली असते, आपल्याकडे मास्तरांनी निम्म्या गावाला १ जून दिलाय तसंच. नावं पण स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं, त्यामुळे मोहम्मद अब्दी अली, १ जानेवारी असे ढिगाने निघतात आणि सॉफ्टवेअर त्यांना डुप्लिकेट म्हणून बिनधास्त उडवतं. मग म्हणायचं रिस्पॉन्स नाही.

ज्यांचं जमलं त्यांचं कशामुळे जमलं तेही दिसतं. मिनेसोटातल्याच रॉचेस्टर शहरात मेयो क्लिनिक या मोठ्या हॉस्पिटलवाले आणि तिथल्या स्थलांतरित वस्त्या मिळून २००४ पासून एक पार्टनरशिप चालवतायत, डायबेटिस, व्यायाम, टीबी असलं रोजचं काम. कोविड आल्यावर त्यांना नवीन माणसं शोधायला लागली नाहीत, सोमाली, लॅटिनो, कंबोडियन असे त्यांच्यातलेच लोक आपापल्या भाषेत आपापल्या ग्रुपवर माहिती द्यायचे, आणि मुख्य म्हणजे लोकांचे प्रश्न उलटे वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत न्यायचे, टेस्टिंग कुठे, पगार बुडाला तर काय. हा उलटा रस्ताच बाकीच्यांकडे नसतो. महामारीत बसून तो बांधता येत नाही, निदान मी तरी कुठे बघितलेला नाही.

आणि हो, ज्या सोमाली पोरी फोनवर तासतासभर आज्यांशी बोलून आमचे फॉर्म भरतात त्यांना "व्हॉलंटियर" म्हणून गिफ्ट कार्डवर बोळवणं मला पटत नाही. नाव पेपरवर आमचं, ग्रँट आमची. परवा नवीन प्रपोजलच्या बजेटमध्ये मी त्यांच्या पगाराची वेगळी ओळ घातली आणि रिझल्ट वस्तीत जाऊन सांगायचा खर्चही. बघू आता किती कापतात.