फसलेल्या चित्रपटांचं काय करायचं?

सिडनी ल्युमेट या अमेरिकी दिग्दर्शकाने कधी कोर्टाची गोष्ट सांगितली, कधी दरोड्याची, कधी संगीतिका केली. त्यातले काही चित्रपट उत्तम, बरेच सुमार, दोनचार साफ फसलेले. अशा माणसाला प्रतिभावान म्हणायचं का, असं मला वरचेवर विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खऱ्या कलावंताचा चित्रपट दोन मिनिटांत ओळखता यावा, असं मीही बरीच वर्षं मानत होतो. सिडनी ल्युमेट यांच्यामुळे ते मत बदललं. पन्नास वर्षांत त्यांनी चाळीसहून अधिक चित्रपट केले. १९५७चा '१२ अँग्री मेन', १९७५चा 'डॉग डे आफ्टरनून' आणि १९७६चा 'नेटवर्क' मी वेगवेगळ्या काळात पाहिले, तिन्ही मनात राहिले, पण ते एकाच माणसाचे आहेत हे ध्यानातच आलं नव्हतं. जाणकारांचंही असं झालं होतं. अमेरिकी समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी १९६८मध्ये अमेरिकी दिग्दर्शकांची प्रतवारी लावली, तेव्हा ल्युमेट वरच्या रांगेत नव्हते.

मग एकदा '१२ अँग्री मेन' मी आवाज बंद करून पाहिला. खटल्याचा निकाल ठरवणारे बारा ज्युरर, एक खोली, जवळजवळ सगळा चित्रपट तिथेच. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या डोळ्यांपेक्षा वर आहे. मधल्या भागात तो डोळ्यांच्या पातळीला येतो. शेवटाकडे तो आणखी खाली उतरतो आणि डोक्यावरचं छत दिसायला लागतं. भिंगंही बदलत जातात. फोकल लेंग्थ, म्हणजे दूरचं जवळ ओढून दाखवण्याची भिंगाची ताकद, वाढत जाते, तशी मागची भिंत माणसांच्या पाठीला येऊन टेकते. खोली तेवढीच राहते, आपला जीव मात्र घुसमटतो. शेवटी माणसं इमारतीबाहेर पडतात तेव्हा वाइड अँगल, म्हणजे मोठा परिसर टिपणारं भिंग, येतो आणि छातीवरचं ओझं उतरतं. संवाद रेजिनल्ड रोझ यांचे, छायाचित्रण बोरिस कॉफमन यांचं, आणि त्यांचं श्रेय मोठंच आहे. पण खोली अशी हळूहळू आवळत न्यायची, हा बेत ल्युमेट यांचा. एवढं करून तो कुठेही मिरवत नाही. इतक्या वेळा पाहूनही मला तो दिसला नव्हता, यातच त्याचं मोल आहे.

'डॉग डे आफ्टरनून'ला त्यांनी पार्श्वसंगीत करून घेतलंच नाही. बँकेवरच्या दरोड्याची ही गोष्ट खरी घडलेली. व्हायोलिन वाजली असती तर ती खोटी वाटली असती. टीव्ही वाहिनीवरच्या 'नेटवर्क'मधला प्रकाश आधी साधा आहे, पुढे तो जाहिरातीसारखा चकचकीत होत जातो, कारण माणसंही तशीच होत जातात. तिन्ही ठिकाणी वेगळा निर्णय, आणि प्रत्येक निर्णय त्या त्या गोष्टीच्या पोटातून आलेला. मी प्रतिभा म्हणतो ती याला. 'द व्हर्डिक्ट' या त्यांच्या कोर्टपटाच्या वेळी पटकथेचे बरेच खर्डे झाले होते. ल्युमेट यांनी नाटककार डेव्हिड मॅमेट यांचा मूळ खर्डाच घेतला. चांगलं लिखाण ओळखून त्याला हात न लावणं हेही दिग्दर्शनच.

आता फसलेल्यांविषयी. १९७८चा 'द विझ' ही भव्य संगीतिका मला लंगडी वाटते. नाच दूरवरून दिसतात, त्यातली ऊर्जा आपल्यापर्यंत पोचत नाही. पण मी त्याला मार्क देऊन ते बाकीच्यांत मिसळून सरासरी काढत नाही. उलट हाच चित्रपट मला सांगतो की या माणसाचं बळ कोंडलेल्या जागेत समोरासमोर आलेल्या माणसांत आहे. फार पसारा आला की त्याची पकड सुटते. ही मर्यादा कळली की 'डॉग डे आफ्टरनून'मधली बँक नव्याने दिसते. ज्याचं एकही पाऊल चुकलेलं नाही त्याच्याविषयी इतकं नेमकं बोलता येत नाही.

'बिफोर द डेव्हिल नोज यू आर डेड' हा त्यांचा शेवटचा चित्रपट २००७मध्ये आला. ल्युमेट तेव्हा ८३ वर्षांचे होते आणि चित्रण डिजिटल कॅमेऱ्यावर केलं होतं. थोरला भाऊ धाकट्याला दरोड्यात ओढतो, त्या प्रसंगाला मी पुन्हा आवाज बंद केला. कोण कुणाला गोवतोय आणि कोण आतून मोडतोय, हे कळायला मला एकही शब्द लागला नाही.